उत्तर चुकलं, पण कसं चुकलं?

५२ मधून २७ वजा करायला सांगितलं आणि पोरानं ३५ लिहिलं. आपण लाल फुली मारतो, 'लक्ष नाही' म्हणतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. त्याच पोराला जवळ बोलावून विचारा, "कसं केलास, सांग की." तो छाती पुढं काढून सांगतो, "दोनातून सात कसं निघंल सर? म्हणून सातातून दोन काढलो, पाच. पाचातून दोन काढलो, तीन." म्हणजे लक्ष होतंच. त्यानं नियमही पाळला, फक्त तो नियम त्याचा स्वतःचा होता: वर काही असो, खाली काही असो, मोठ्यातून लहान काढायचं. हाच नियम तो ६३ − २८ ला लावणार आणि ८१ − ३४ लाही लावणार. त्याची उत्तरं आपण वही न उघडता सांगू शकतो: ४५ आणि ५३.

अमेरिकेत जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ साली हाच धागा पकडला. मुलांच्या चुकलेल्या वजाबाक्या त्यांनी प्रोग्रॅममधल्या दोषांसारख्या तपासल्या. प्रोग्रॅम कंटाळा आला म्हणून चुकत नाही. त्यातली एखादी पायरी गडबडलेली असते आणि ती दर वेळी तशीच गडबडते. पुष्कळ मुलांच्या चुकाही अशाच ठरावीक साच्याच्या निघाल्या. प्रोग्रॅममधल्या दोषाला बग म्हणतात, तो शोधून काढण्याला डीबगिंग. पहिली ते पाचवीपर्यंत गणिताचा तास वेगळा आणि संगणकाचा वेगळा ठेवण्यात मला फार अर्थ दिसत नाही, तो यामुळंच. दोन्हीकडे मूल एकच गोष्ट शिकत असतं: पायऱ्या क्रमानं मांडायच्या, आणि कुठली पायरी घसरली ते शोधायचं. शिक्षकाचं कामही तेच. दहापैकी सात हा आकडा त्या कामाला उपयोगी पडत नाही.

का पडत नाही ते पाहू. चाचणी काढताना आपण पुस्तकातली दहा गणितं उचलतो. त्यातली सहा-सात बिनहातच्याची असतात. ५८ − २३ ला आपल्या या गड्याचा नियम झकास चालतो, ३५ येतं, बरोबरची खूण मिळते. दहापैकी सात पडले, पालक खूश, आपणही खूश. बग मात्र जसाच्या तसा चौथीत जातो आणि भागाकार सुरू झाला की बाहेर येतो, कारण भागाकाराच्या पोटात वजाबाकीच असते.

त्यापेक्षा चारच गणितं द्यावीत, पण निवडून: ५८ − २३, ५२ − २७, ६० − २४ आणि ४०३ − १६७. पहिलं ज्याला जमत नाही त्याच्याकडे आधी बसायचं. दुसऱ्यात ३५ आलं तर मघाचाच नियम. दुसरं बरोबर आणि तिसऱ्यात ४४ किंवा ४० आलं, तर हातचा कळलाय, अडचण शून्यापाशी आहे. चौथ्यात ३३६ येणं तर फारच बोलकं. त्या मुलानं तीनाचे तेरा केले, शून्याचे नऊ केले, पण हे सगळं ज्या शतकातून आलं तिथले चार तसेच ठेवले. खरं उत्तर २३६. नेमका शंभराचा फरक, आणि त्या शंभरात सगळी कहाणी.

इथं हमखास एक आक्षेप येतो. मराठवाड्यातल्या कितीतरी वस्त्या-तांड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळा द्विशिक्षकी आहेत. पाच वर्ग, दोन शिक्षक, त्यातला एक बैठकीला नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला बसलेला. एकेका पोराला 'कसं केलास' कधी विचारायचं? रास्त आहे. म्हणून सगळ्यांना विचारायचंच नाही. वह्या तपासताना ५२ − २७ च्या उत्तरानुसार ढीग लावायचे: बरोबर २५ वाल्यांचा एक, ३५ वाल्यांचा एक, उरलेल्यांचा एक. ३५ च्या ढिगातल्या एकाला विचारलं की बाकीच्यांचा अंदाज येतो. उरलेल्यांचा ढीग बहुतेक वेळा छोटा निघतो, पण वेळ त्यालाच द्यावा लागतो, कारण तिथं प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ज्या मुलाची उत्तरं कुठल्याच नियमात बसत नाहीत, त्याला बहुधा संख्याच कळलेली नसते, वजाबाकी दूरच.

उपाय जुनाच आहे, काड्यांचे गठ्ठे. खराट्याच्या काड्या, दहाचा एक गठ्ठा, दहा गठ्ठ्यांचा एक शंभराचा जुडगा. ४०३ मांडा आणि १६७ काढून द्यायला सांगा. सुट्ट्या तीनच, गठ्ठा एकही नाही, जुडगा सोडल्याशिवाय गत्यंतर नाही. चिंचोक्यांपेक्षा काड्या बऱ्या, एवढं जाता जाता सांगतो. चिंचोके मोजायला छान, पण त्यांचा दहाचा गठ्ठा बांधता येत नाही, आणि दशक हातात धरता आलं पाहिजे.

संख्या ऐकून लिहिण्यातही असेच बग सापडतात. 'सदतीस' म्हटलं की कानावर सात आधी पडतो, म्हणून काही मुलं ७३ लिहितात. 'एकोणचाळीस' ऐकून ४९ लिहिणारं मूल 'चाळीस' ऐकतं आणि 'एकोण' मधून नऊ काढतं. अर्धं काम त्यानं बरोबर केलेलं असतं. 'एकशे पाच' चे १००५ होतात, कारण मूल आधी शंभर लिहितं, मग पाच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचा मुद्दा हाच होता की बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम उलटा पडला की लहान मूल गोंधळतं. तो बदल आवडो न आवडो, अडचण खरी आहे. पाच संख्या सांगून लिहून घ्यायच्या असतील तर ३७, ३९, १०५ या असाव्यातच. ४४ आणि ५५ विचारून काही हाती लागत नाही.

आता बाजाराकडे. पुष्कळ शाळांत आनंदनगरी भरते. पोरं घरून भजी, उकडलेल्या शेंगा, बोरं, मेथीच्या जुड्या आणतात आणि दुकान मांडतात. आपण ते वार्षिक कार्यक्रमासारखं उरकतो, फोटो काढतो. खरं तर वर्षातली सगळ्यात चांगली गणिताची चाचणी त्या दिवशी आयती चालू असते. बत्तीस रुपयांचा माल, गिऱ्हाईक पन्नासची नोट देतं. मुलगी मनातल्या मनात म्हणते, "बत्तीसचे पस्तीस, पस्तीसचे चाळीस, चाळीसचे पन्नास", आणि तीन, पाच, दहा असे अठरा रुपये हातावर ठेवते. तीच मुलगी वहीत ५० − ३२ चं उत्तर २२ लिहिते. पुन्हा तोच बग, पण फक्त कागदावर. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांवर १९८५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडीवरचे हिशोब त्यांचे जवळजवळ सगळे बरोबर, तीच गणितं कागदावर मांडून दिली की निम्मीही बरोबर नाहीत. २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारातल्या मुलांचीही हीच गत दिसली, आणि उलटही दिसलं: शाळेत पुस्तकी गणितं सोडवणारी मुलं बाजारच्या हिशोबात अडखळली.

म्हणून आनंदनगरीत शिक्षकानं हातात कागद घेऊन गिऱ्हाईक व्हावं. मोडायला अवघड नोट द्यावी, एकाच वेळी दोन वस्तू घ्याव्यात, मोड कशी दिली ते टिपावं. दुसऱ्या दिवशी तीच देवघेव फळ्यावर मांडावी आणि मुलीलाच विचारावं, "काल तू अठरा दिलीस, आज वहीत बावीस. खरं कोणतं?" या प्रश्नावर वर्गात जो गोंधळ होतो त्यातून हातचा जितका पक्का होतो, तितका वीस गणितांच्या घरच्या अभ्यासातून होत नाही.

संगणकाकडे वळू. त्यासाठी आधी संगणक लागतो, हा समज सोडावा. अंगणात खडूनं पाच बाय पाचच्या चौकटी आखा. एका कोपऱ्यात 'शाळा', दुसऱ्या टोकाला 'विहीर', मधे दोन-तीन घरांत 'काटे'. एक मूल यंत्र. त्याला तीनच आज्ञा कळतात: एक घर पुढं, जागेवर डावीकडे वळ, जागेवर उजवीकडे वळ. बाकीच्यांनी आज्ञांची चिठ्ठ्यांवर रांग लावायची. रांग पूर्ण झाल्यावरच यंत्र चालणार, मधे ओरडून सुधारायला बंदी. ही बंदी महत्त्वाची, कारण संगणकही मधेच कुणाचं ऐकत नाही. पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक गट काट्यात जातो. कारण एकच: 'डावीकडे वळ' म्हणजे डावीकडच्या घरात जाणं, असं मुलं धरून चालतात. वळणं आणि सरकणं या दोन वेगळ्या आज्ञा आहेत, हे पाय अडकल्यावरच कळतं.

मूल्यमापन इथंच करायचं, आणि ते विहिरीपर्यंत कोण पोचलं यावर नको. काट्यात गेल्यावर गट काय करतो ते बघा. काही गट सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून पहिल्यापासून मांडतात. काही गट यंत्राला सावकाश चालवून 'इथपर्यंत बरोबर होतं, ही सहावी चिठ्ठी चुकली' असं बोट ठेवतात. दुसऱ्या गटाला डीबगिंग येतं, एवढी एक ओळ नोंदवहीत पुरेशी आहे. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. तिच्यातलं कासव याच तऱ्हेनं आज्ञांवर चालतं, आणि मुलानं स्वतः कासव होऊन चालून बघावं यावर पॅपर्ट यांचा भर होता.

पुढच्या इयत्तेला याच खेळात भूमिती शिरते. 'चार वेळा कर: तीन पावलं पुढं, काटकोनात उजवीकडे वळ' म्हटलं की चौरस झाला, आणि मुलांना आज्ञेची पुनरावृत्तीही समजली. मग सर्व बाजू सारख्या असलेला त्रिकोण काढायला सांगा. हुशार मूल म्हणेल, तीन वेळा, दर वेळी साठ अंशांत वळ. चालून पाहिलं की त्रिकोण जुळत नाही. वळायचं असतं १२० अंशांत, कारण चालणारा आतल्या कोनातून वळत नाही, बाहेरच्या कोनातून वळतो. सातवी-आठवीत बाह्यकोन पाठ करताना अडखळणाऱ्या पोरांनी हे एकदा मातीत चालून पाहिलेलं असतं तर!

दुसरा खेळ ठिपक्यांच्या कार्डांचा. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे जे खेळ लोकप्रिय केले, त्यातला हा सगळ्यात गाजलेला. पाच मुलं रांगेत. त्यांच्या कार्डांवर डावीकडून १६, ८, ४, २, १ ठिपके. कार्ड दाखवलं तर १, पालथं धरलं तर ०. एकवीस करा म्हटलं की १६, ४ आणि १ वाली कार्डं पुढं येतात, आणि फळ्यावर १०१०१ उमटतं. पाच कार्डांनी जास्तीत जास्त ३१ होतात, म्हणजे कुणाच्याही वाढदिवसाची तारीख यात बसते. हा खेळ मला आवडतो तो संगणकापेक्षा दशकासाठी. आपण दहा झाले की गठ्ठा बांधतो, संगणक दोन झाले की बांधतो, एवढाच फरक. ज्या मुलाला 'याच्या डावीकडे सहावं कार्ड आलं तर त्यावर किती ठिपके?' याचं उत्तर ३२ असं कारणासह देता येतं, त्याला स्थानिक किंमत कळली असं बेलाशक लिहावं.

आणि पाच मिनिटं उरली असतील तर: मनात १ ते १०० मधली एक संख्या धरा, मुलांनी फक्त हो-नाही प्रश्न विचारायचे. 'पन्नासपेक्षा मोठी आहे का?' असं निम्म्यानं कापत गेलं की सात प्रश्नांत संख्या सापडतेच. 'सदतीस आहे का?' विचारणारं मूल अजून नशिबावर चाललंय.

शाळेत संगणक असेल, तर बहुधा एकच चालू असतो. त्यावर दोघांनी बसावं: हात एकाचे, सूचना दुसऱ्याच्या, पाच मिनिटांनी अदलाबदल. सूचना देणाऱ्यानं माऊसला हात लावायचा नाही. यानं धिटाई करणारं पोर एकटंच संगणक बळकावत नाही, आणि बोलून सूचना द्याव्या लागल्यानं दुसऱ्याचा विचारही ऐकू येतो.

मराठी टंकलेखनाला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मुलांना लवकर जमतो, कारण त्याची मांडणी बाराखडीसारखी आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. तिथला नेहमीचा बग ऱ्हस्व वेलांटीचा. लिहिताना ती अक्षराच्या आधी काढली जाते, टंकताना मात्र अक्षर आधी आणि वेलांटी मागून. 'किती' नीट टंकता आलं की समजावं, मूल उच्चाराच्या क्रमानं विचार करायला लागलं. आकड्यांचीही एक गंमत आहे. कीबोर्डवर छापलेले आकडे इंग्रजी असतात, आणि मराठी एक व इंग्रजी नऊ दिसायला भाऊ-भाऊ. बेरीज चुकली म्हणून रागावण्याआधी मुलानं कळ कोणती दाबली ते पाहावं.

संगणकाच्या लेखी परीक्षेबद्दल माझं मत फार चांगलं नाही. 'संगणकाच्या भागांची नावे लिहा' याचं उत्तर संगणक न पाहिलेलं मूलही पाठ करून देतं. त्याऐवजी एक काम द्या: स्वतःच्या नावाचं फोल्डर तयार कर, काढलेलं चित्र त्यात ठेव, आणि उद्या येऊन उघडून दाखव. खरी परीक्षा 'उद्या'ची आहे. आपण काय कुठं ठेवलं, कोणत्या नावानं ठेवलं, हे कळल्याशिवाय ते चित्र सापडत नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणानं २०२४ मध्ये १४ ते १६ वयाच्या मुलांची डिजिटल कौशल्यं तपासली तीही अशीच, मोबाइल हातात देऊन: गजर लाव, माहिती शोध, व्हिडिओ शोधून पाठव.

दोन्ही विषय खऱ्या अर्थानं एकत्र येतात ते पावसात. प्लास्टिकच्या बाटलीचं वरचं तोंड कापून उलटं बसवलं की पर्जन्यमापक होतो. तळ खडबडीत असतो, म्हणून आधी खडे टाकून सरळ भागापर्यंत पाणी भरायचं आणि तिथं शून्याची खूण करायची. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे एवढं सूत्र पाचवीला पुरतं. आठ बाय सहा मीटरच्या छतावर २५ मिलिमीटर पडला तर १२०० लिटर. मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर. त्याच छतावर वर्षाला साडेबत्तीस हजार लिटरच्या वर पाणी पडतं, म्हणजे दहा हजारी टँकर तीन भरून उरतील. उन्हाळ्यात टँकरमागे घागर घेऊन धावलेल्या पोरांना या गणिताचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

रोजची नोंद एक्सेलमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिस कॅल्कमध्ये ठेवली की नवे बग भेटतात. मूल '१२ मिमी' असं लिहितं आणि बेरीज शून्य दाखवते. संगणकाच्या लेखी तो शब्द झाला, संख्या राहिली नाही. एकक वरच्या शीर्षकात, खाली नुसता आकडा. हे सांगू नका, त्यांनाच शोधू द्या.

यंत्राच्या उत्तरावर शंका घेणं हेही तपासायचं कौशल्य. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पन्नास वाघिणींची गाडी, एका खेपेला साधारण २५ लाख लिटर. शहराची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास धरा. माणशी किती? कॅल्क्युलेटरवर शून्य कमी-जास्त पडलं तर ६२ लिटर येतात, ६२५ ही येतात. खरं उत्तर सव्वासहा लिटर. '६२५ लिटर म्हणजे माणशी तीन पिंपं, मग दुष्काळ कसला?' असं म्हणून थांबणाऱ्या मुलाला, त्याची शून्यं चुकली असली तरी, मी वरचा शेरा देईन.

शेऱ्यांवरून आठवलं. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनात निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प यांना जागा आहे, वर्णनात्मक नोंदींना रकाना आहे. म्हणजे वर सांगितलेलं सगळं नियमात बसतं. घोडं अडतं ते नोंदींपाशी. तयार पुस्तिकेतून 'गणिती क्रिया समजून घेतो', 'संगणक हाताळण्यात रस दाखवते' अशी वाक्यं उतरवली जातात, एकाच वाक्याखाली निम्मा वर्ग. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानं तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असं उद्दिष्ट ठेवलं. ते गाठलं की नाही हे सांगणारी नोंद अशी वाक्यं देत नाहीत.

याची सगळ्यात जास्त किंमत ऊसतोड कामगारांची लेकरं मोजतात. बीडकडून दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडं कारखान्यांकडे निघतात. काही मुलं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, काही आई-बापासोबत जातात आणि तिथल्या शाळेत बसतात. सोबत शिक्षण हमी कार्ड असतं. त्यावर श्रेणी 'ब' लिहिली तर पुढच्या शिक्षकाला काहीच कळत नाही, आणि तो पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतो. तिथं दोन ओळी लिहाव्यात: 'हातच्याची वजाबाकी येते. मधे शून्य आला की शतक कमी करायचं विसरते, ४०३ − १६७ चं उत्तर ३३६ लिहिते. काड्यांवर केलं की स्वतःच सुधारते. आज्ञांच्या खेळात चुकलेली चिठ्ठी शोधते. फोल्डर उघडता येतं, साठवताना नाव द्यायचं राहतं.' लिहायला दोन मिनिटं लागतात, आणि कारखान्यावरच्या शाळेतल्या बाईंना पहिल्याच दिवशी कुठला जुडगा सोडायचा ते कळतं.